दबलेली हिरवळ

एकदा एका वृद्ध उद्यानपालाने आयुष्यभर जपलेली हिरवळ आपल्या शिष्याच्या स्वाधीन केली आणि स्वतः औदुंबराखालच्या कट्ट्यावर जाऊन गप्प बसला. हे गप्प बसणे वाटते तितके सोपे नाही. ज्यांनी दुकानाच्या किल्ल्या मुलाकडे दिल्या आहेत किंवा स्वयंपाकघर सुनेवर सोपवले आहे, त्यांना विचारून पाहा. हात शिवशिवतात, जीभ वळवळते. पण या वृद्धाने जीभ आवरली, आणि ती का आवरली हे कळायला शिष्याला जवळजवळ एक वर्ष लागले.

गाव कृष्णाकाठचे. गावाच्या मध्यभागी गणपतीचे देऊळ आणि देवळासमोर प्रशस्त हिरवळ. ही हिरवळ हरळीची, म्हणजे आपण गणपतीला वाहतो त्या दूर्वांचीच. गावाची एक जुनी रीत होती. भाद्रपदातल्या चतुर्थीला सकाळी हिरवळीचे फाटक उघडायचे आणि घरोघरच्या माणसांनी आत येऊन आपल्या हाताने दूर्वा खुडायच्या. त्या दिवशी बाजारातली जुडी विकत आणणे म्हणजे गावाला कमीपणा. पहिली जुडी मात्र हिरवळ राखणाऱ्याची. ती त्याने देवापुढे ठेवली की मग बाकीच्यांनी खाली वाकायचे. परगावचा पाहुणा आला की लोक त्याला देवळाआधी हिरवळ दाखवत, आणि दाखवताना छाती अशी पुढे काढत की जणू एकेक पाते यांनीच लावले आहे. मला त्यात काही वावगे वाटत नाही. ज्या गावाला अभिमान वाटण्याजोगे काहीच नाही, त्या गावात राहायचे तरी कशाला?

उद्यानपालाचे नाव आबा गुरव. माणूस ताठ. "आबा, हिरवळ फार छान आहे हो," असे कोणी म्हटले, तर तुम्ही-आम्ही काय म्हणू? देवाची कृपा, तुमचे आशीर्वाद, असे काहीबाही पुटपुटू. आबा तसले काही बोलत नसत. ते समोरच्याकडे शांतपणे पाहत आणि म्हणत, "आहेच." लोकांना या उत्तरातला तोरा खटकायचा, पण खोटे म्हणायची कोणाची प्राज्ञा नव्हती.

गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा आबांनी आपल्या जागी जयवंत नावाच्या तरुणाची निवड केली. जयवंत गावच्या हायस्कुलाच्या मैदानावर क्रिकेटची खेळपट्टी तयार करत असे. त्याच्या हाताला जस होते. तालुक्याचे संघ खेळायला आले की त्यांचे कप्तान त्याच्या खेळपट्टीवर अंगठा दाबून पाहत, आणि अंगठा तसूभर आत जात नसे. एका दुपारी रणरणत्या उन्हात हा मुलगा गुडघ्यावर बसून मैदानातला एक बारीकसा खडा नखाने उकरताना आबांनी पाहिला आणि त्याच क्षणी त्यांनी मनाशी ठरवून टाकले. देवस्थानचे अध्यक्ष नेमिनाथशेठ हळदीचे मोठे व्यापारी. परीक्षा घेतल्याशिवाय ते पोते आत घेत नसत. त्यांनी अट घातली, की एक वर्ष पाहू. पुढच्या चतुर्थीला गावाला मनासारख्या दूर्वा मिळाल्या तर हा कायम.

हिरवळ सोपवली गेली ती चतुर्थीच्याच संध्याकाळी. अख्खे गाव तिच्यावरून फिरून गेले होते. टाचांचे खळगे, दबलेली पाती, मध्येच कोणाच्या तरी चपलेचा तुटलेला अंगठा.  जयवंताने आबांकडे पाहिले. आबा म्हणाले, की आता काय करायचे ते तुझे तू ठरव, तू विचारल्याशिवाय मी एक शब्द बोलणार नाही. शेजारच्या खोपीत आबांची सगळी हत्यारे भिंतीला टेकवून ठेवलेली होती. त्यांत एक विचित्र वस्तू होती, आडव्या पट्टीखाली दोन पोकळ लोखंडी नळ्या आणि वर लाकडी मूठ. आबांनी ती लोहाराकडून बनवून घेतली होती. जयवंताने ती उचलून पाहिली, तिचा उपयोग त्याच्या लक्षात आला नाही, आणि विचारायला त्याची जीभ रेटली नाही. खेळपट्टीचा एवढा जाणकार, नळ्या कशासाठी म्हणून विचारणार? त्याने ती वस्तू कोपऱ्यात उभी केली आणि तिच्यावर पाण्याचा पाइप गुंडाळून ठेवला.

मग त्याने आपल्या हाताला ठाऊक होते ते केले. हायस्कुलातून लोखंडी रूळ आणला आणि हिरवळीवर फिरवायला सुरुवात केली. खळगे मिटले, उंचवटे बसले. तो रोज रूळ फिरवू लागला, गवत अगदी बुडातून कापू लागला. महिन्याभरात हिरवळ इस्त्री केल्यासारखी सपाट दिसू लागली. लोकांनी तोंडात बोटे घातली. आबांच्या काळात गवत दाट होते, पण असे एका पातळीत कधीच नव्हते. लग्न ठरलेली जोडपी फोटो काढायला येऊ लागली. नेमिनाथशेठ बाहेरगावचे व्यापारी आले की त्यांना फाटकाच्या आतल्या सगळ्यात हिरव्या तुकड्यावर उभे करत आणि म्हणत, हे आमचे वैभव. जयवंताच्या अंगावर मूठभर मांस चढले. पूर्वी तो संध्याकाळी आबांच्या शेजारी कट्ट्यावर बसायचा. आता लांबूनच हात करून जाऊ लागला. आबा सगळे पाहत होते. एखादा म्हणायचा, काय आबा, चेल्याने तुम्हालाही मागे टाकले की! आबा फक्त हसायचे.

थंडी सरली आणि हिरवळीचा रंग उतरू लागला. आधी कडेला पिवळे डाग पडले. जयवंताने पाणी वाढवले, तर पाणी वरच साचून राहू लागले आणि उतार सापडला की वाहून जाऊ लागले. त्याने खत वाढवले, तर डाग करपले. डाग दिसू नयेत म्हणून रूळ दोनदा फिरवला. वळवाचे पाऊस झाले तेव्हा कोपऱ्यांत शेवाळ धरले, आणि ज्येष्ठ संपेपर्यंत मधूनमधून उघडी माती दिसू लागली. फाटकाजवळचा तो तुकडा तेवढा हिरवा होता. जयवंत आता येणाऱ्याला तिथेच थोपवून धरायचा, पुढे जाऊ द्यायचा नाही.

शेठजींच्या नजरेतून काय सुटणार? देवस्थानच्या बैठकीत त्यांनी विषय काढला. म्हणाले, ही कटकट एकदाची मिटवून टाकू. सगळीकडे पेव्हर ब्लॉक बसवू, झाडायला सोपे, चिखल नाही, मांडव घालायला बरे. दूर्वा काय, बाजारात ढीगभर मिळतात.  बैठकीत एवढेच ठरले, की चतुर्थीपर्यंत वाट पाहायची. त्या दिवशी गावाला हिरवळीवर दूर्वा मिळाल्या तर ठीक. नाहीतर दुसऱ्या दिवशी काम सुरू, आणि जयवंताने आपल्या खेळपट्टीवर परत जावे.

जयवंताचे धाबे दणाणले. नोकरी गेली असती तर त्याने ते कसेतरी सोसले असते. पण गावाची हिरवळ आपल्या हातून गेली, हे तो जन्मभर कोणत्या तोंडाने ऐकणार होता? तो तडक शहरात गेला आणि हरळीचे बी घेऊन आला. उघड्या जागांवर मुठीमुठीने फेकले. सकाळी चिमण्या आणि साळुंक्या उतरल्या, त्यांनी जेवण उरकले. उरलेले बी दुपारच्या सरीने वाहून नेले. त्याने पुन्हा फेकले. पुन्हा तेच. हिरवळीवर एक कोंब दिसेना.

तेव्हा मात्र तो कट्ट्यावर आला. आबांच्या शेजारी न बसता पायाशी बसला आणि म्हणाला, "आबा, मला जमलं नाही. काय चुकलं ते सांगा."

 काठी उचलून आबांनी फाटकापासून देवळापर्यंत जाणाऱ्या शहाबादी फरशीच्या वाटेकडे दाखवले. जयवंताने पाहिले आणि तो चक्रावला. फरशीच्या फटीफटीतून कोवळी, लुसलुशीत हरळी वर आली होती. त्याने हिरवळीवर फेकलेले बी पाण्याबरोबर वाहत येऊन तिथे अडकले होते, आणि जिथे कोणी खत घातले नाही, निगा राखली नाही, तिथे मजेत रुजले होते.

"तिथं का उगवलं, याचा विचार कर," आबा म्हणाले. "आणि उद्या सकाळी त्या नळ्या घेऊन ये. पाइप काढ त्याच्यावरचा."

आषाढात पावसाने चांगली उघडीप दिली होती. सकाळी आबा काठी टेकत हिरवळीवर आले, फार दिवसांनी. जयवंताला वाटले, की ते उघड्या पडलेल्या कोपऱ्यांकडे जातील. ते गेले नाहीत. ते थेट फाटकाजवळच्या त्या हिरव्या तुकड्यावर गेले, सगळ्या हिरवळीत तोंड दाखवण्याजोगी उरलेली तेवढीच जागा, आणि म्हणाले, की इथे नळ्या रोव. जयवंत जागचा हलला नाही. तेवढ्यात नेमिनाथशेठ देवदर्शनाला आले. आबांनी जयवंताच्या हातातून हत्यार घेतले, दुखऱ्या गुडघ्याने पट्टीवर पाय दिला आणि नळ्या त्या गवतात रुतवल्या. माती इतकी घट्ट होती की पहिल्या खेपेला त्या निम्म्याच आत गेल्या. शेठजींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणाले, जे मेले आहे ते सोडून जे जिवंत आहे ते मारायला निघालात काय आबा? म्हातारपणी हे काय सुचले? जयवंतानेही आबांचा हात धरला. त्याच्या डोळ्यांत पाणी होते.

आबांनी नळ्या उपसल्या. खडूच्या कांडीसारख्या मातीच्या दोन कांड्या गवतावर पडल्या. त्यांनी एक उचलून जयवंताच्या तळहातावर ठेवली. वर हिरवी पाती, त्यांच्या खाली नखाएवढ्या थरात पांढऱ्या मुळांचा गुंता, आणि त्याखाली सगळी विटेसारखी कोरडी, कडक माती. त्या मातीत एक मूळही उतरलेले नव्हते.

"बघ," आबा म्हणाले. "खेळपट्टी चेंडूसाठी असते जयवंता, तिथं दाबावंच लागतं. इथं मुळांना खाली उतरायचंय. वर्षभर तू माती दाबत गेलास, मग पाणी आत जाईना, वारा जाईना. बंद दारावर तू खत ओतलंस, बी फेकलंस. फरशीला निदान फट तरी होती. आता विचारशील की चांगल्या जागेपासून सुरुवात का. पिवळं पडलंय तिथलं दुखणं सगळ्यांना दिसतंय. इथलं कोणालाच दिसत नव्हतं, कारण इथं रोज कौतुक होत होतं. पाहुणे इथंच उभे राहिले, फोटो इथंच निघाले, आणि लोक बघतात म्हणून तू रूळही इथंच जास्त फिरवलास. पुढच्या पंधरवड्यात हेही गेलं असतं."

जयवंताने कांडीच्या कडक मातीत नख रुतवून पाहिले, ते आत गेले नाही. मग हळू आवाजात त्याने विचारले, "आबा, हे आधीच का नाही सांगितलंत?"

"तेव्हा सांगितलं असतं तर तुझ्यावरून वाहून गेलं असतं," आबा म्हणाले. "काल तू विचारलंस."

मग ते शेठजींकडे वळले. चतुर्थीला दूर्वा मिळाल्या नाहीत, तर पहिला पेव्हर ब्लॉक मी माझ्या हाताने बसवीन, असे त्यांनी सांगितले. आणि वर, माणूस निवडण्यात मी चुकत नाही, हेही ऐकवले. शेठजी देवळात गेले. आबांचा तोरा एरवी त्यांच्या डोक्यात जायचा. त्या दिवशी त्यांना तो थोडा आधारासारखाच वाटला असावा.

त्यानंतर जयवंताने जे काम केले, त्याचे वर्णन करताना मलाच अभिमान वाटतो. त्याने रूळ ढकलत हायस्कुलात नेऊन पोचवला. परत येऊन नळ्या हातात घेतल्या आणि ज्या हिरवळीच्या सपाटपणासाठी त्याची वाहवा झाली होती, तिच्यात वीतवीत अंतरावर भोके पाडत गेला. बघ्यांची गर्दी जमली. कोणी म्हणाले पोराचे डोके फिरले, कोणी म्हणाले उंदरांनी शेत पोखरावे तसे झाले. तालमीतला एक जुना पैलवान तेवढा म्हणाला, की आम्हीही आखाडा रोज उकरतो, नाहीतर माती दगडासारखी होऊन पडणाऱ्याला लागते.  तळहातांना फोड आले, त्यांवर फडके बांधून जयवंत काम करत राहिला. पडलेल्या मातीच्या कांड्या आबांनी उचलू दिल्या नाहीत. त्या वाळल्यावर दाताळ्याने फोडून तिथेच पसरल्या. त्यावर चाळलेले शेणखत आणि नदीची वाळू एकत्र करून टाकली, ती भोकांत उतरू दिली. आणि मग बी. एकदा उभे, एकदा आडवे, दोन्ही दिशांनी, हलक्या हाताने. वरून खताचा पातळ थर, की पाखरांना बी दिसू नये. झारीने पाणी. फाटकाला कुलूप.

या वेळी पाणी साचले नाही. पडले तिथेच जिरले. जयवंत ते पाहत कुंपणाला धरून उभा राहिला आणि मोठ्याने हसला.

आठवडाभरात भोकाभोकांतून हिरवे कोंब डोकावले. भोकांच्या रांगा दिसण्याइतके ते स्पष्ट होते. मग रांगा पुसट होत गेल्या, नवे गवत जुन्याला भिडले, जुन्याची मुळेही खाली वाट काढू लागली. श्रावणाच्या सरी आल्या, त्या सगळ्या मातीने पिऊन टाकल्या. जयवंताने कात्रीला हात लावला नाही. आबा रोज कट्ट्यावर बसत, आणि जयवंत रोज शेजारी बसून काही ना काही विचारत असे. कधी फालतूही विचारायचा. आबा सगळ्याचे उत्तर देत.

चतुर्थी उजाडली. फाटकाबाहेर रांग लागली होती, आणि खरे सांगायचे तर निम्मे लोक दूर्वांसाठी आणि निम्मे फजिती बघायला आले होते. जयवंत आत गेला आणि वाकला. पाऊल घोट्यापर्यंत गवतात बुडत होते. कोवळ्या तीन पात्यांच्या दूर्वा त्याने एकेक करून खुडल्या, एकवीस झाल्यावर जुडी बांधली आणि देवापुढे नेऊन ठेवली. मग त्याने फाटक सताड उघडले. बाया, बाप्ये, काठ्या टेकणाऱ्या म्हाताऱ्या, कडेवर पोरे घेतलेल्या लेकी आत आल्या आणि खाली वाकल्या. जिथे हात घालावा तिथे दूर्वा. एक आजीबाई म्हणाल्या, की एवढी दाट तर आमच्या लग्नाच्या साली होती. त्या वाक्यासरशी जयवंताला हुंदका आवरेना. तो पाठमोरा होऊन खोपीत गेला आणि तोंड धुऊन बाहेर आला. दिवसभर गाव त्या हिरवळीवर होते. जो तो जयवंताच्या पाठीवर थाप मारून जात होता. नेमिनाथशेठ पाहुण्यांचे घोळके घेऊन पुन्हा त्या फाटकाजवळच्या तुकड्यावर उभे होते, आणि त्यांची छाती सगळ्यांत पुढे होती. पेव्हर ब्लॉकचे नावही त्यांनी काढले नाही.

संध्याकाळी गर्दी ओसरली. आरती संपवून शेठजी बाहेर आले आणि थबकले. फाटकाजवळच्या त्या सगळ्यांत देखण्या तुकड्यावर जयवंत एकटाच होता. नव्या सदऱ्याच्या बाह्या वर सारलेल्या, पट्टीवर पाय दिलेला, आणि नळ्या मातीत. आबा कट्ट्यावर होते. त्यांनी त्याला काही सांगितले नव्हते, बोलावलेही नव्हते.

"अरे, आज तर अख्खं गाव तुझं नाव घेऊन गेलं," शेठजी म्हणाले. "मग आजच भोकं कशाला पाडतोयस?"

जयवंताने मान वर केली, पण काम थांबवले नाही. "म्हणूनच, शेठ," तो म्हणाला. "आज सगळ्यांत जास्त पाय इथं पडलेत."

आपले चार लोकांत कौतुक झाले त्या संध्याकाळी घरी जाऊन आपण काय करतो, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे.

शेठजी कट्ट्याकडे आले. तिथून दोघांनाही जयवंताचे काम दिसत होते. मातीच्या कांड्या गवतावर पडत होत्या, आणि त्यांना पांढरी मुळे आता खालच्या टोकापर्यंत चिकटलेली होती. शेठजी म्हणाले, "आबा, शिष्य फार चांगला आहे हो तुमचा."

"आहेच," आबा म्हणाले, आणि काठी टेकत घरी गेले.